दूरचे युद्ध, जवळचा तह

१३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजी शिंदे आणि कर्नल म्यूर यांच्यात तहाची बोली पक्की झाली. महादजींनी उज्जैनकडे माघारी जावे, म्यूरने आपली फौज यमुनेपलीकडे न्यावी, आणि पुणे दरबार व इंग्रज यांच्यात महादजींनी मध्यस्थी करावी, असा तिचा आशय होता. त्यानंतर सहा दिवसांनी, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने अमेरिकन आणि फ्रेंच फौजांपुढे शस्त्रे खाली ठेवली. पहिली तारीख मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात असते, दुसरी अमेरिकेच्या. दोन्ही एकाच पानावर क्वचितच भेटतात. आणि तरीही त्या एकाच मोठ्या युद्धाच्या तारखा आहेत.

ज्याला आपण पहिले इंग्रज-मराठा युद्ध म्हणतो, त्याची कथा आपल्याला नारायणरावांच्या खुनापासून सांगितली जाते. रघुनाथरावांची पेशवेपदाची हाव, बारभाईंचे कारस्थान, सुरतेचा तह, पुरंदरचा तह, वडगाव, आणि शेवटी सालबाई. ही साखळी खोटी नाही. पण या साखळीतून एक प्रश्न सुटत नाही. मुंबईकर इंग्रजांचा घरगुती भांडणातला हस्तक्षेप कलकत्त्याहून हिंदुस्थानच्या आरपार फौज पाठवण्यापर्यंत का वाढला, आणि वाढलेले ते युद्ध १७८१-८२ मध्ये हेस्टिंग्जला इतके नकोसे का झाले? या दोन्हींचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यात किंवा कलकत्त्यात नसून अटलांटिक महासागरावर आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तिकडे पेटलेल्या युद्धाची धग इकडच्या चार दरबारांना लागली, आणि त्या चौघांनी ती चार रीतींनी वापरली. त्या रीतींचा आणि त्यांच्या किमतीचा हिशोब मांडणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

*

आरंभ एका जुन्या शब्दापासून करावा लागेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, युरोपीय व्यापाऱ्यांविषयी एक प्रकरण आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी त्यांची नावे तेथे वेगवेगळी दिली आहेत आणि सर्वांना मिळून एक नाव दिले आहे : टोपीकर. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, म्हणून यांना खाडीच्या वा समुद्राच्या काठी जागा देऊ नये, असा तेथील इशारा आहे. राजनीतीवरील मराठी ग्रंथात इतक्या लवकर आलेली ही जाणीव आजही थक्क करणारी आहे. मात्र 'टोपीकर' या शब्दाने एक सोय केली आणि एक अडचणही केली. पाच जातींना एका टोपीखाली घातल्यामुळे धोका स्पष्ट झाला, पण त्या पाचांचे आपापसांतील वैर झाकले गेले.

नाना फडणविसांच्या परराष्ट्रनीतीचे वेगळेपण येथे आहे. त्यांनी ती टोपी उसवली. इंग्रज आणि फरासीस हे एकमेकांचे पिढीजाद शत्रू आहेत, कर्नाटकात आणि बंगालमध्ये त्यांनी एकमेकांचे गळे धरले होते, आणि पुन्हा धरतील, हे त्यांनी नीट ताडले होते. इंग्रजांना पुरंदरच्या तहाचे (१ मार्च १७७६) पालन करायचे नव्हते. रघुनाथरावांना मुंबईकरांनी आश्रय दिलाच होता. अशा वेळी १७७७ साली चौलच्या बंदरात एक फ्रेंच गृहस्थ उतरला.

शेव्हालिए द सेंट ल्युबिन हा मोठा विश्वासार्ह मनुष्य नव्हता. पूर्वी तो दक्षिण हिंदुस्थानात वावरून गेला होता, आणि फ्रान्सचा आरमारमंत्री सार्तिन याच्याकडे वशिला लावून त्याने ही कामगिरी मिळवली होती. मात्र तो सोळाव्या लुईचा प्रतिनिधी म्हणून पुण्यास आला आणि नानांनी त्याचे स्वागत राजदूताला साजेशा थाटाने केले. अडीच हजार युरोपीय सैनिक आणू, दहा हजार शिपाई कवायतीत तयार करून देऊ, दारूगोळा पुरवू, आणि त्या बदल्यात चौलचे बंदर द्यावे, अशा वाटाघाटींचा बोलबाला झाला. इंग्रजांचा प्रतिनिधी मॉस्टिन त्या वेळी पुण्यातच होता. हा सारा समारंभ त्याच्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि तो त्याच्यासाठीच चालला होता असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

नानांचा सेंट ल्युबिनवर कितपत विश्वास होता? कृतीवरून पाहिले तर उत्तर अवघड नाही. तो वर्षभराहून अधिक काळ पुण्यात राहिला आणि १७७८च्या मध्यास त्याला निरोप मिळाला. ना ती अडीच हजारांची पलटण आली, ना चौल फ्रेंचांच्या हाती गेले. 'आज्ञापत्रा'तील किनाऱ्याविषयीचा इशारा जणू अक्षरशः पाळला गेला. नानांना फ्रेंच फौज हवीच असती तर बंदर देण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण फौज समुद्रावरून येते. त्यांना हवे होते ते इंग्रजांच्या मनातील फ्रेंच फौजेचे भय. ते उधारीवर मिळत होते आणि त्यासाठी तूर्तास काही मोजावे लागत नव्हते.

*

तूर्तास. कारण भय हे असे चलन आहे की ते ज्याच्या हाती जाईल त्याच्या कामी येते.

ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगा येथे बर्गोइनचे इंग्रज सैन्य शरण गेले. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकन वसाहतींशी उघड मैत्रीचा करार केला. या बातम्या हिंदुस्थानात पोहोचल्या तेव्हा वॉरन हेस्टिंग्जने काढलेला निष्कर्ष मोठा बोलका आहे. पश्चिमेत इंग्रजी सत्तेला धक्का बसला असेल, तर पूर्वेकडील सेवकांनी ते नुकसान इकडे भरून काढण्यासाठी अधिकच जोर केला पाहिजे, असे त्याने नोंदवून ठेवले. दूरच्या पराभवाने इकडचा इंग्रज नरमेल, अशी कोणाची अटकळ असेल तर ती येथे साफ उलटी ठरते. अमेरिकेतील नामुष्कीने हेस्टिंग्जचा आवेश वाढवला. कालपीहून मुंबईकडे फौज पाठवण्याच्या समर्थनार्थ त्याने जी कारणे पुढे केली, त्यांत पुण्यातील फ्रेंच वकील हे एक मोठे कारण होते. जे भय इंग्रजांना पुण्यापासून दूर ठेवण्यासाठी उभे केले, तेच कलकत्त्याची फौज नर्मदेपार आणण्याचे निमित्त झाले.

बातमीच्या वेगाकडेही पाहिले पाहिजे. इंग्लंड-फ्रान्स संबंध तुटल्याची वार्ता कैरो-सुएझच्या मार्गाने ७ जुलै १७७८ रोजी कलकत्त्यास पोहोचली. १० जुलैला इंग्रजांनी चंद्रनगर घेतले. त्या ऑक्टोबरात पाँडिचेरी पडले, आणि पुढल्या मार्चमध्ये माहे. फ्रान्सहून एक गलबत निघण्याआधी फ्रेंचांची हिंदुस्थानातील ठाणी संपली. पुणे दरबाराचे बातमीदार हिंदुस्थानभर पसरले होते आणि त्यांच्या चोखपणाची ख्याती इंग्रजांनाही होती. पण त्या जाळ्याचे शेवटचे टोक समुद्राच्या काठाशी संपत होते. काठापलीकडचे जे काही कळायचे ते कोणत्या तरी टोपीकराच्याच तोंडून कळायचे, त्याला हवे तेव्हा आणि हवे तसे.

या काळात विलायतेस गेलेले मराठी वकील होते, पण ते पुण्याचे नव्हते. रघुनाथरावांनी आपली फिर्याद मांडण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार नावाचा पारशी असे दोन वकील इंग्लंडला पाठवले. १७८१ साली ते लंडनमध्ये होते. एडमंड बर्कने बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी त्यांना आसरा दिला आणि हणमंतरावांचा आचारधर्म सांभाळला जावा म्हणून त्यांची स्वतंत्र सोय करून दिली. अमेरिकन युद्धाने घायकुतीस आलेले ते लंडन या दोघांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या राज्याला त्या दर्शनाचा उपयोग झाला असता त्याचे डोळे तेथे नव्हते. होते ते त्या राज्यातून परागंदा झालेल्याचे.

*

जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या फौजेची झालेली कोंडी, पुढच्याच महिन्यात गॉडर्ड सुरतेस पोहोचल्यामुळे त्या विजयाचे अर्धे पाणी होणे, हा भाग सर्वपरिचित आहे. त्यानंतर १७७९-८० मध्ये इंग्रजांविरुद्ध जी चौकडी जमली ती मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. पुणे, हैदराबाद, नागपूर आणि म्हैसूर यांनी एकाच वेळी मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांवर चालून जायचे, असा तो बेत होता. इंग्लंड तेव्हा अमेरिका, फ्रान्स आणि स्पेन यांच्याशी एकदम लढत होते. १७८० अखेर हॉलंडचीही भर पडली. इकडे मदत पाठवणे इंग्लंडला इतके जड पूर्वी कधी गेले नव्हते.

पण चौघांचे हिशोब चार होते. निजामअलीची मुख्य तक्रार गुंटूरविषयी होती. मद्रासकरांनी तो प्रांत त्याच्या भावाकडून परस्पर घेतला होता. हेस्टिंग्जने तो परत देवविला आणि हैदराबाद थंड झाले. नागपूरकरांची रीत अधिक मुत्सद्दी. मुधोजी भोसल्यांनी करार पाळला. चिमणाजी भोसल्यांच्या हाताखाली मोठी फौज बंगालच्या रोखाने निघालीही. पण ती इतक्या सावकाश चालली की कटकला पोहोचण्यासच महिने लागले, आणि तेथे ती थांबली. हेस्टिंग्जने लाखो रुपये देऊन ती थांबलेलीच राहील याची तजवीज केली. इतकेच नव्हे तर मद्रासच्या मदतीस निघालेली इंग्रज पलटण ओरिसातून बिनबोभाट पुढे गेली. या नीतीला घरभेदेपणा म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु नागपूरच्या बाजूने पाहिले तर पुण्याच्या लढ्यात जिंकल्यास लाभ पुण्याचा, आणि हरल्यास कटक आपले जाणार, असा तो रोकडा विचार होता. दूरच्या युद्धात दोन्ही पक्षांकडून किंमत घेऊन कोणाच्याच बाजूने न लढणे हा लहान सत्तांचा फार जुना मार्ग आहे. तो निंद्य ठरवण्यापूर्वी तो समजून घेतला पाहिजे.

युद्धात खऱ्या अर्थाने उडी घेतली ती हैदरअलीने. माहे आपल्या आश्रयाखालचे बंदर आहे, त्याला हात लावू नका, असे त्याने इंग्रजांना बजावले होते. फ्रेंच युद्धसामग्री त्याला तेथूनच मिळत असे. जुलै १७८० मध्ये तो कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूर येथे त्याने बेलीच्या तुकडीचा धुव्वा उडवला. त्याच्या नावाचा डंका थेट अमेरिकेपर्यंत गेला. एप्रिल १७८२ मध्ये डेलावेअरच्या उपसागरात पेनसिल्व्हेनियाच्या ज्या जहाजाने 'जनरल मंक' हे इंग्रजी जहाज पकडले, त्याचे नाव होते 'हैदर अली'. फिलिप फ्रेनो या अमेरिकन कवीने त्या जहाजावर कविताही रचली.

नाव समुद्रापार गेले, पण समुद्र ताब्यात आला नाही. विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने नोंदवलेल्या कथेप्रमाणे, हैदरने आयुष्याच्या अखेरीस कबूल केले की जमिनीवर मी इंग्रजांची धूळधाण करू शकतो, पण समुद्र काही आटवू शकत नाही. उद्गार शब्दशः त्याचा असो वा नसो, निदान अचूक आहे. म्हणून त्याला सुफ्रांचे आरमार हवे होते. ते १७८२च्या आरंभी आले, इंग्रज आरमाराशी एकामागून एक लढाया झाल्या, ऑगस्टमध्ये त्रिंकोमालीही पडले. बुसीच्या नेतृत्वाखालची फ्रेंच फौज पोर्टो नोव्होला उतरली ती मात्र मार्च १७८३ मध्ये. तोवर हैदरला जाऊन तीन महिने झाले होते.

*

पुण्याने आणि म्हैसूरने केलेल्या निवडींतील फरक येथे उघडा पडतो. पुण्याने फ्रेंचांचे भय वापरले. म्हैसूरने फ्रेंचांच्या शक्तीवर भिस्त ठेवली.

एप्रिल १७८१ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी बोरघाटातून परतणाऱ्या गॉडर्डला पनवेलपर्यंत सळो की पळो केले. पण उत्तरेत ग्वाल्हेर गेले होते, सिप्रीला महादजींच्या फौजेचे नुकसान झाले होते, गुजरात आणि वसई इंग्रजांकडे होती. दोन्ही पक्ष थकले होते, आणि हेस्टिंग्जला हैदर व फ्रेंच यांच्यासाठी हात मोकळे करायचे होते. म्यूरशी झालेल्या बोलीतून १७ मे १७८२ चा सालबाईचा तह निघाला. वसई परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली, रघुनाथरावांचा पेशवेपदाचा दावा दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीत विरून गेला, आणि महादजी उभयतांचे जामीन झाले.

नानांनी तहावर मान्यतेची मोहोर लगेच उठवली नाही. हैदर लढतो आहे, सुफ्रां समुद्रावर आहे, तोवर घाई कशाला? ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला. २० डिसेंबरला पुण्याची मान्यता झाली. दोन तारखांमधील हे तेरा दिवस म्हणजे नानांच्या नीतीचा अर्कच होय. दूरची आग विझण्याआधी आपले भांडे चुलीवरून उतरवले पाहिजे, हे त्यांना नेमके कळले होते.

ते न कळलेल्याचे काय झाले, हे पुढल्या सहा महिन्यांत दिसले. २० जानेवारी १७८३ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात व्हर्सायला तहाची प्राथमिक कलमे ठरली. ती बातमी कडलूरच्या वेढ्यात लढणाऱ्यांना जूनच्या अखेरीस मिळाली. मधल्या पाच महिन्यांत, जे युद्ध युरोपात संपले होते त्यासाठी कडलूरच्या वाळूत माणसे मरत राहिली. बातमी येताच बुसीने शस्त्रे थांबवली. टिपू त्या वेळी मंगळूरला वेढा घालून बसला होता; त्याच्याबरोबरची फ्रेंच तुकडी वेढा अर्ध्यावर टाकून निघून गेली. व्हर्सायच्या तहात हिंदुस्थानातील मित्रांसाठी एक कलम होते : त्यांना या शांततेत सामील होण्याचे आमंत्रण द्यावे, विचारासाठी चार महिन्यांची मुदत द्यावी, आणि त्यांनी नाकारल्यास दोन्ही राजांनी त्यांना मदत करू नये. ज्यांच्या भूमीवर युद्ध झाले त्यांना शांततेचे निमंत्रण मिळाले ते पाहुण्यांसारखे, आणि तेही मुदतीसह. टिपूने आणखी काही महिने एकट्याने झुंजून ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरचा तह केला, आणि तो बरोबरीच्या नात्याने केला, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. त्याने या अनुभवातून धडाही घेतला. १७८८ साली त्याचे वकील थेट सोळाव्या लुईच्या दरबारी उभे होते. पुण्याहून तसे कोणी कधी गेले नाही.

*

मग नाना जिंकले असे म्हणायचे का? अल्प मुदतीच्या हिशोबात, होय. चार दरबारांपैकी दूरच्या युद्धाचा उपयोग करून दूरच्या तहाआधी घरी परतण्याचे कसब पुण्याने दाखवले. त्यानंतर वीस वर्षे इंग्रजांशी युद्ध झाले नाही. परंतु सालबाईच्या तहातील एका कलमाकडे आपल्या पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष जात नाही. पोर्तुगीजांचा जुना अपवाद सोडून इतर कोणत्याही युरोपीय राष्ट्राला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नये, असे ते कलम होते. ज्या फरासिसाच्या सावलीने पुण्याने इतकी वर्षे इंग्रजांना झुलवले, ती सावलीच तहात विकली गेली. आणि ती एकदाच विकता येण्यासारखी होती.

यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला, आणि १७९०च्या युद्धात पुणे आणि हैदराबाद टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने उभे राहिले. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तला उतरला तेव्हा फ्रेंचांचे भय पुन्हा जागे झाले. या वेळी ते वापरणारा पुण्याचा कारभारी नव्हता, कलकत्त्याचा वेलस्ली होता. त्या भयाच्या नावाने हैदराबादची फ्रेंच पलटण मोडली, ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, आणि ३१ डिसेंबर १८०२च्या तहात इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपियांना चाकरीत न ठेवण्याची अट दुसऱ्या बाजीरावांनी मान्य केली. तो तह वसईला झाला. सालबाईने परत मिळवलेल्या वसईला. नाना त्याआधी, मार्च १८०० मध्ये, निवर्तले होते.

मराठी साहित्याने या माणसाची अनेक चित्रे काढली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त पेशवाईचे घर आतून पोखरलेले दिसते. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना सत्तेच्या आणि वासनेच्या खेळातला सूत्रधार होतो. दोन्ही नाटके आपापल्या जागी थोर आहेत, पण दोन्हींत आपण वाड्याच्या आतच असतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून उत्तर दिसते. समुद्र कोणत्याच दरवाजातून दिसत नाही. आपल्या ऐतिहासिक कल्पनेची ही मर्यादा आणि त्या दरबाराची मर्यादा यांत मला एक नाते दिसते. साडेतीन शहाण्यांत नानांना अर्धा म्हणतात, कारण ते तलवारीचे गडी नव्हते, असे परंपरा सांगते. सालबाईचा तह पाहता वाटते, की तलवारीची उणीव महादजींनी भरून काढली होती. भरून निघाली नाही ती दुसरीच उणीव. दूरच्या दोन राष्ट्रांत वैर आहे हे त्यांना कळत होते. त्यांच्यात समेट कधी होईल हे कळण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते उभारावे अशी निकड, वीस वर्षे हाती असूनही, पुण्यात कोणाला भासली नाही.

वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'तील या वर्षांची पत्रे विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचावीत, आणि वाचताना शेजारी दख्खनच्या नकाशाबरोबर अटलांटिकचाही नकाशा ठेवावा. पत्र पाठवणाऱ्याला जे दिसत नव्हते ते आपल्याला दिसेल, आणि त्याला तेवढ्याशा उजेडात किती दिसत होते, याचेही मोल कळेल.